निव्वळ

मार्केट यार्डात वजनकाट्यावर बसतो मी.
आधी भरलेली गाडी, मग रिकामी,
वजाबाकी करून उरतं ते निव्वळ.
एकोणीस वर्षं. पावतीवर खाडाखोड नाही,
विचारा सांगलीतल्या कुठल्याही अडत्याला.

फक्त शेवटचं शून्य सोडून
त्याच्या आधीचे दोन आकडे
वहीत लिहिण्याआधी मी मनात लिहितो.
तेरा हजार चारशे सत्तर.
सत्तेचाळीस.

त्याच दिवशी मिरजेला दवाखान्यात
आईचा नंबर सत्तेचाळीस.
आता याला काय म्हणायचं?
आई आत खोकत होती
आणि मी बाहेर बाकड्यावर
त्या चिटोऱ्याला हात जोडून बसलो होतो.

जोडी लागली होती एकदा.
अठरा हजार.
कुकर घेतला, शेजारी पेढे वाटले,
बढती झाली म्हणून सांगितलं.
ते अठरा हजार मी अजून फेडतोय.

हरलेला माणूस घरी जातो.
हुकलेला थांबतो.
सातवर लावले, आठ आला,
म्हणजे आपण जवळच होतो की,
कुणीतरी दार उघडतच होतं आतून,
आणि आपण उठून गेलो तर?

सगळे उपाय केले.
पगार शैलजाच्या हातात. कार्डही तिच्याकडे.
बंडू आवटीला स्वतः जाऊन सांगितलं,
माझी चिठ्ठी घेऊ नकोस, रडलो तरी.
त्यानं कानाला हात लावून शब्द दिला
आणि पाळला, खोटं कशाला बोलू.
म्हणून मग माधवनगरला जायला लागलो.
तिथं मला कुणी ओळखत नाही.

जायला लागलो म्हणजे तरी काय.
साडेतीनला मी काट्यावर असतो.
पावणेचारला तिथं.
मधली पंधरा मिनिटं
मला कुणी कधी दाखवलेलीच नाहीत.

प्राचीच्या गॅदरिंगचे सातशे रुपये
साखरेच्या डब्याखाली होते.
मी नाही, म्हणालो.
शैलजानं पाकीट उजेडात धरलं.
अंगठा. पिवळाधमक.
लोकांना हळद एकदाच लागते,
मला रोज लागते, नखांत बसते,
साबणाला दाद देत नाही.
ती काही बोलली नाही.
पाकीट परत डब्याखाली सारलं,
रिकामं.

काल रात्री शेवटची गाडी गेली
आणि मी स्वतः प्लेटवर जाऊन उभा राहिलो.
चपला काढून. का ते माहीत नाही.
पाटीवरचे लाल आकडे थरथरले, थांबले.
साठ.
आमचा काटा दहाच्या खाली मोजत नाही,
तेव्हा दोनचार किलो इकडेतिकडे,
तेवढा मी हिशेबात नाही.
मला एवढंच बघायचं होतं
की सगळं वजा जाता किती उरलोय.
पण साठ म्हणजे
सहा आणि शून्य.

खेळलो नाही.
आयर्विन पुलावर सायकल टेकवून उभा राहिलो बराच वेळ.
खाली कृष्णा दिसत नव्हती,
नुसती असल्याचं कळत होतं.
मूठ खिशात होती, खिशात पन्नास होते,
पन्नास घेऊनच घरी आलो.
असं वर्षभरात झालं नव्हतं.

सकाळी चहाच्या गाड्यावर फक्त विचारलं,
काय आलं रात्री?
एकसष्ट.

एका घरानं हुकला.
न लावलेला.

दिवसभर गाड्या येतायत, जातायत,
मी त्या एका घराभोवती फिरतोय.
संध्याकाळी शैलजा विचारेल, खेळलात?
मी म्हणेन, नाही.
आणि ते खरं असेल,
पावतीवर लिहून सही करता येईल
इतपत खरं.